पस्तिसांतली एक

१

रुग्णालयाच्या तळघरातली लॅब सकाळी आठला उघडायची, आणि पावणेआठला प्रेमिला मेश्राम कुलपाशी उभी असायची. सव्वीस वर्षांत हे चुकलं नव्हतं. आत गेल्यावर आधी पंखा, मग फ्रिजचं तापमान वहीत, मग मायक्रोस्कोपवरचं टोपडं काढून भिंगं पुसणं. पुसायला घरून आणलेली मलमल, पन्नासदा धुऊन मऊ झालेली. पुड्यातला कागद तिला चालत नसे. नव्या पोरी आधी हसायच्या आणि महिन्याभरात स्वतःच पर्समधून मलमल काढायच्या.

प्रेमिला लॅब टेक्निशियन होती. माणसाच्या शरीरातून जे जे बाटलीत भरता येतं ते ते तिच्या टेबलावर यायचं, आणि त्यात काय आहे ते ती भिंगातून पाहून ओळखायची. कोणाच्या पोटातला अमीबा साधा आणि कोणाचा आतडं कुरतडणारा, हे ती चहाचा कप खाली न ठेवता सांगायची. "आमच्या प्रेमिलाबाईंना अमीबाच ओळख दाखवतो," असं लॅबच्या प्रमुख डॉक्टर चारुशीला मॅडम पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या. प्रेमिला वर बघायची नाही, पण कान तिकडेच असायचे.

तिचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता. पाठीच्या पाण्याला फ्रिज दाखवायचा नाही. मणक्यात सुई घालून काढलेलं ते पाणी मेंदूभोवती फिरून आलेलं असतं. रक्त फ्रिजमध्ये थांबतं, लघवी थांबते, हे थांबत नाही. गारठ्यानं त्यातला जिवंत अमीबा पाय आखडून घेतो, गोल होऊन निपचित पडतो, आणि मग पांढऱ्या पेशींच्या गर्दीत तो त्यांच्यातलाच एक दिसतो. हे तिनं आजवर चाळीसेक पोरींना शिकवलं होतं.

मे महिन्यात तिनं स्वतःच्या मुलाच्या पाठीचं पाणी फ्रिजमध्ये ठेवलं. पन्नास मिनिटं.

२

पियुष एकोणीस वर्षांचा होता. मेच्या पहिल्या रविवारी तो आणि त्याचा बाप अंकुश खाप्याला गेले होते, अंकुशच्या दोस्ताच्या संत्र्याच्या बागेत. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि बागेतलं शेततळं काठोकाठ भरलेलं. पियुष नाक चिमटीत धरून काठावर उभा राहिला, तेव्हा अंकुश पाण्यातून हसला.

"नाक धरून उडी मारून राहिला का गा, लहान पोट्ट्यावानी? सोड ते."

पियुषनं नाक सोडलं आणि उडी मारली. मग दिवसभर मारतच राहिला.

चौथ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. पाचव्या दिवशी मान वळेना. आईच्याच रुग्णालयात भरती केलं, आपली माणसं आहेत म्हणून. दुपारी एकच्या सुमारास त्याच्या पाठीचं पाणी काढून बाटली तळघरात आली. नंदिनी, लॅबमधली तरुण टेक्निशियन, जेवायला निघाली होती. ती बाटलीवरचं नाव वाचून थबकली.

"ताई, मी थांबू का? मी पाहून घेते."

"माझ्या पोराचं आहे. दुसऱ्या कोणी हात नाही लावाचा. तू जेवून ये."

नंदिनी गेली, आणि तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. पोराला झटके येताहेत, कोणाला ओळखत नाही, आईला वर पाठवा. प्रेमिला उठली. घाईत घराबाहेर पडणारी बाई उरलेल्या भाजीवर झाकण टाकून भांडं आत सारते, तसा तिनं टेबलावरचा नमुन्यांच्या बाटल्यांचा अख्खा स्टँड उचलला, फ्रिजमध्ये सारला आणि जिना चढली. हात सव्वीस वर्षांच्या सवयीनं चालले, डोकं आधीच वर पोचलेलं होतं.

परत आल्यावर तिनं बाटली काढली, थेंब काचेवर पसरला, वाळवला, रंगवला आणि शंभर पेशी मोजल्या. पासष्ट पॉलिमॉर्फ, पस्तीस लिम्फोसाइट. दोन्ही पांढऱ्या पेशींच्याच जाती, साध्या मेंदूज्वरात दिसाव्यात तशा. खाली सही केली. पुढचे उपचार त्या कागदावर चालले.

अठरा तासांनी पियुषला मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथं दुसऱ्यांदा पाणी काढलं आणि कोमट असतानाच भिंगाखाली ठेवलं. त्यात अमीबे चालत होते. तापलेल्या, साचलेल्या पाण्यात वाढणारे, नाकातून शिरून थेट मेंदू गाठणारे. दोन दिवसांनी पियुष गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी शंभरात दोन-चारच वाचतात. प्रेमिलाच्या कानात त्यातलं 'दोन-चार' तेवढं राहिलं.

अंकुश बसडेपोच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. बोलका माणूस, पण तेव्हापासून त्याच्याकडे एकच वाक्य उरलं होतं. "मी नाक सोडायले लावलं." जेवताना म्हणायचा, चप्पल घालताना म्हणायचा. प्रेमिला त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "तुमची काय चूक जी." फ्रिजचं तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. नवरा एकटा ओझं वाहत होता आणि ती बाजूनं रिकाम्या हातानं चालत होती, हे तिला रोज कळत होतं.

३

ऑक्टोबरात एका सोमवारी चारुशीला मॅडम तिच्या टेबलाशी आल्या, आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. मॅडम एवढा वेळ गप्प राहिल्या की गोष्ट अवघड असायची.

"प्रेमिलाबाई, पियुषची पहिली स्लाइड आपल्याकडे असेल ना? बाहेरचे एक तज्ज्ञ अशा केसेस गोळा करताहेत. पहिल्या नमुन्यात अमीबा होते का, एवढंच त्यांना पाहायचंय. तुम्हाला त्रास होणार असेल तर नंदिनी शोधेल."

"नको मॅडम. मीच शोधते."

"पुढच्या शनिवारी दुपारी मी घेऊन जाईन. घाई नाही."

बारा दिवस होते. स्लाइड शोधायला बारा मिनिटंही लागली नसती. मे महिन्याचा लाकडी डबा कपाटात तिसऱ्या फळीवर होता हे प्रेमिलाला झोपेतही ठाऊक होतं. पाच महिने त्या फळीकडे तिनं पाठ ठेवली होती. पण आता परकं माणूस पाहणार, तर त्याआधी तिनं पाहायला हवं होतं. त्या पस्तिसांत लिम्फोसाइटच होत्या की आणखी कोणी होतं?

स्लाइडच्या टोकाला तिच्याच अक्षरात चिठ्ठी होती. पियुष अं. मेश्राम, १९, पु. तिनं ते टोक चिमटीत धरून स्लाइड भिंगाखाली ठेवली. ती नेहमी एकाच कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि शेत नांगरल्यासारखी जात-येत मोजायची, म्हणून त्या दिवशीच्याच पेशी त्याच क्रमानं पुन्हा समोर येत गेल्या. लिम्फोसाइट ओळखणं सोपं असतं. अंग जेमतेम, आणि गडद जांभळं केंद्र त्यात ठासून भरलेलं. अमीबाचं अंग फिकट आभाळी, आणि केंद्राभोवती एक स्वच्छ कडं, मधोमध एकच काळा ठिपका. एकदा ओळखला की तो डोळ्यासारखा परत बघतो.

चौतीस पेशी तिनं पास केल्या. पस्तिसावीशी ती अडली. गोल, जराशी मोठी, केंद्रावर रंगाचा डाग सांडलेला. कडं असेल तर डागाखाली झाकलेलं. प्रेमिला पाऊण तास त्या एका पेशीसमोर बसून राहिली. मग ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली, "लिम्फोसाइट."

मायक्रोस्कोपच्या चौथऱ्याला, म्हणजे स्टेजला, दोन मोजपट्ट्या असतात, एक उभी, एक आडवी. दोन्हींचे आकडे लिहून ठेवले की तो पेशीचा पत्ता होतो, गल्ली नंबर आणि घर नंबर. केव्हाही स्लाइड त्या आकड्यांवर आणा, तीच पेशी भिंगाखाली हजर. प्रेमिलानं एका कपट्यावर लिहिलं, उभे १०८, आडवे ४१.५, आणि कपटा एप्रनच्या खिशात टाकला. त्या रात्री ती दोन पोळ्या जेवली. अंकुशनं ते पाहिलं.

४

दुसऱ्या दिवशी खात्री करायला म्हणून तिनं स्लाइड पुन्हा लावली. १०८, ४१.५. तिथं काही नव्हतं. रिकामी काच, रंगाचे दोन-तीन कण.

स्लाइड कोपऱ्यात नीट बसली नसेल. तिनं ती काढून पुन्हा बसवली. पुन्हा रिकामं. मग सावकाश आजूबाजूला सरकवत गेली, आणि पेशी सापडली. आडवे ३९. तीच होती. केंद्रावरचा डाग तोच. फक्त आता ती पुरती गोल नव्हती. एका बाजूनं तिच्या अंगाला फुगवटा आला होता, पोळी लाटताना कड एकीकडे पळते तसा.

प्रेमिला मागं टेकली. फ्रिजची मोटर घरघरली आणि बंद पडली. वर कुठंतरी स्ट्रेचरची चाकं फरशीवरून गेली. तिनं स्वतःला समजावलं, आकडा लिहिताना चूक झाली असेल, काल डोळे भरलेले होते. आणि हे मेलेलं आहे. मिथेनॉलमध्ये बुडवून मारलेलं, रंग पाजलेलं, पाच महिने डब्यात पडलेलं. ते सरकणं म्हणजे भिंतीवरच्या फोटोनं बाजूच्या खिळ्यावर जाऊन बसणं.

तिनं नवा आकडा लिहिला, तारीख घातली, आणि मुद्दाम दोनदा तपासला. तिसऱ्या दिवशी पेशी ३६.५ वर होती. फुगवट्याचा आता अंगठा झाला होता, बोथट, पुढं काढलेला.

५

"नंदिनी, इकडं ये वं. एक काम कर. हे नाव नको वाचू. भिंगाखाली जी एक मोठी पेशी आहे तिचे आकडे लिही, आणि चिठ्ठी तुझ्यापाशीच ठेव. मले नको दाखवू."

नंदिनीनं नाव वाचलंच. न वाचून कशी राहील? पण ती पोरगी समजूतदार होती. आकडे लिहून तिनं चिठ्ठी आपल्या पर्समध्ये ठेवली. पाहताना मात्र ती क्षणभर जास्त थांबली. मग प्रेमिलानं स्लाइड चिमटीत धरून डब्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिनीनंच स्लाइड लावली, आपल्या चिठ्ठीवरून. बराच वेळ तिचा हात स्क्रूवर फिरत राहिला.

"काय झालं?"

"ताई, हा स्टेज ढिला झाला असन. हे काहून असं करून राहिलं?" तिनं दुसरी एक स्लाइड घेतली, तिच्यावरच्या पेशीचा पत्ता लिहिला, काढली, पुन्हा लावली. पेशी जागच्या जागी. दहा वेळा केलं. दहाही वेळा जागच्या जागी. मग तिनं पियुषची स्लाइड पुन्हा लावली, आणि पहिल्यांदा तिनं डोळा पटकन बाजूला घेतला.

"किती?" प्रेमिलानं विचारलं.

"काल पस्तीसवर होती. आज साडेतेहतीस." नंदिनी हात धुवायला गेली आणि नळाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "ताई, तुमी हे मॅडमले आजच देऊन टाका. मले नका दाखवू पुन्हा. तुमच्या पाया पडते."

आकडे रोज कमी होत होते. उभा आकडा हलत नव्हता. म्हणजे पेशी भरकटत नव्हती, एका रेषेत चालली होती, काचेच्या चिठ्ठी लावलेल्या टोकाकडे. चिठ्ठीवर नाव होतं. पण अमीबाला नावाचं काय? प्रेमिलानं अमीबांत अर्धं आयुष्य घालवलं होतं. तो कशाकडे जातो हे तिला माहीत होतं. खाण्याकडे जातो, आणि या जातीचा तर उबेकडे जातो.

६

दसरा आणि त्याला लागून रविवार, लॅब दोन दिवस बंद होती. दरवर्षी या दिवसांत दीक्षाभूमीवर गावोगावचे लोक यायचे, आणि अंकुश डेपोतल्या मित्रांबरोबर पाण्याच्या स्टॉलवर उभा राहायचा. दोन दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, ग्लास भरून देत. मागच्या वर्षी पियुषही होता. यंदा मित्र सक्करदऱ्यातल्या त्यांच्या घरी बोलवायला आले, तर अंकुश उंबऱ्यातूनच म्हणाला, "मी कोणाले पाणी नाही देत आता." मित्र चहा घेऊन गेले.

दुपारी तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्याशेजारी जरा खाली, मेपासून, पियुष. प्रेमिला पायथ्याशी बसली.

"ऐका जी," ती म्हणाली. "मले तुमाले एक सांगाचं आहे."

"काय?"

अंकुशनं मान वळवली. त्याच्या डोळ्यांत जी थोडी आशा उजळली, की आता ही काही बरं बोलेल, ती पाहून प्रेमिला उठली. "जेवून घ्या," ती म्हणाली. स्वतःची तिला एवढी किळस कधी आली नव्हती.

सोमवारी तिनं डबा उघडला. दोन दिवसांत पेशी तसूभरही हलली नव्हती. शुक्रवारी ३१ वर सोडली होती, ३१ वरच होती. तिनं स्लाइड काढली, पाहिली, परत ठेवली, आणि तासाभरानं पुन्हा पाहिली. तीस. म्हणजे डब्यात असताना ते हलत नव्हतं. ती स्लाइड चिमटीत धरायची तेव्हाच हलत होतं. चिठ्ठीच्या त्या टोकाला, जिथं तिची बोटं असायची, तिकडं ते येत होतं. ते तिच्या बोटांकडे येत होतं.

खरं तर तेव्हाच ती स्लाइड मॅडमच्या टेबलावर ठेवून हात झटकायला हवे होते. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. प्रेमिलानं काय केलं? नमुने गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज सुरू केलं, म्हणजे कोणी आलं तर काम चालू आहे असं वाटावं, आणि त्याच्या घरघरीत स्लाइड दोन्ही तळव्यांत धरून बसली. डोळे मिटून. लहानपणी पियुषला ताप आला की तो तिचा तळवा ओढून कपाळावर घ्यायचा आणि सोडायचा नाही. हात आखडला तरी ती तशीच बसून राहायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काच हळूहळू तिच्याएवढी गरम झाली.

मग तिनं पाहिलं. केंद्रावरचा डाग बाजूला सरला होता. आभाळी अंग, स्वच्छ कडं, मधोमध एकच काळा ठिपका. ओळखायला आता कोणाची गरज नव्हती. तो तिच्याकडे बघत होता.

तर होता. पहिल्या दिवशी, पहिल्या थेंबात, तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि तिनं त्याला लिम्फोसाइट म्हणून सही केली होती. तिला ओरडावंसं वाटलं, स्लाइड फरशीवर आपटावीशी वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला ती सोडवेना. ज्यानं तिचं पोर खाल्लं ते हेच, आणि पियुषच्या आत होतं असं जगात उरलेलंही हेच. ती राग कोणावर धरणार, आणि माया कोणावर करणार? तिनं स्लाइड पुसली, डब्यात ठेवली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

७

शनिवारी लॅब एकला बंद व्हायची. मॅडम दोनला येणार होत्या. प्रेमिलानं अंकुशला डेपोत फोन करून बोलावून घेतलं. सव्वीस वर्षांत तो या तळघरात कधी आला नव्हता. फिनाइलच्या वासानं त्यानं नाक ओढलं, ग्रीसचे हात पँटला पुसले, आणि कशाला हात लागू नये म्हणून खोलीच्या मधोमध उभा राहिला.

"काहून बोलावलं?"

"बसा. तुमाले एक दाखवाचं आहे. एक डोळा मिटा आणि यातून पाहा."

अंकुश स्टुलावर बसला. इंजिनात डोकावायची सवय असल्यानं डोळा लगेच जमला. एका हातानं त्यानं टेबलाचा आधार घेतला, दुसऱ्या हाताचं बोट नकळत स्लाइडच्या मोकळ्या टोकावर टेकवलं. प्रेमिला बाजूला उभी राहून सांगू लागली, जसं नव्या पोरींना सांगायची. "जांभळे ठिपके सोडून द्या. ते पांढऱ्या पेशींचे आहेत. मधात एक फिकट निळं आहे, मोठं. दिसलं?"

"कोणतं? हे चालून राहिलं ते?"

प्रेमिला त्याच्याजवळ सरकली. इतक्या दिवसांत तिच्यादेखत ते कधी हललं नव्हतं. प्रत्येक वेळी ती पाहायची तेव्हा ते आधीच कुठंतरी पोचलेलं असायचं.

"चालून राहिलं?"

"हो ना. हळूहळू. एक पाय पुढं टाकते, मंग बाकीचं अंग ओढून घेते." अंकुश बराच वेळ पाहत राहिला. मग त्याचा आवाज उतरला. "हे त्यातलंच आहे का वं? पियुषच्या?"

"हो."

"मोठ्या दवाखान्यातलं?"

"नाही. इथलं. पहिल्या दिवशीचं."

पंखा फिरत होता. अंकुश मेकॅनिक होता. कुठला नट आधी ढिला झाला आणि कुठला मग, हे शोधण्यात त्याची हयात गेली होती. तो भिंगातून डोळा न काढता म्हणाला, "पहिल्या दिवशी तं काहीच नाही निघालं म्हणे."

मग प्रेमिलानं सांगितलं. त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत सगळं सांगितलं. वॉर्डातला फोन, हातात उचललेला स्टँड, फ्रिज, पन्नास मिनिटं, पस्तीस लिम्फोसाइट, सही. थंडीनं ते गोल होतं, आणि हे आपण चाळीस पोरींना शिकवलं होतं. अठरा तास वाया गेले ते आपल्यामुळं. तिनं रडून दाखवलं नाही, माफीही मागितली नाही. माफी मागायचं तोंड तिच्यापाशी नव्हतं.

 फ्रिजची मोटर सुरू झाली, घरघरली, बंद पडली. मग अंकुश उठला आणि सिंककडे जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला.

"पाच महिने वं, प्रेमिला," तो म्हणाला. "पाच महिने."

एवढंच म्हणाला. तिला त्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो रोज जेवताना तेच एक वाक्य म्हणायचा आणि ती त्याला पोळी वाढायची, त्या सगळ्या दिवसांचा हिशेब त्या दोन शब्दांत होता. लोक म्हणतात, सांगून टाकलं की ओझं निम्मं होतं. प्रेमिलाला वाटलं, निदान तेवढं तरी व्हावं. अंकुशच्या वाटचं निम्मं तरी उतरावं. आणि काचेवरचं ते, ज्यासाठी आलं होतं ते त्याला मिळालं असेल, तर आता थांबावं.

ती स्टुलावर बसली, स्लाइडचं चिठ्ठीचं टोक नेहमीसारखं चिमटीत धरलं, आणि भिंगाला डोळा लावला.

पहिल्यांदा तिनं ते हलताना पाहिलं. त्याचं अंग मधोमध आवळत होतं. दोन्ही बाजूंना फुगत होतं, मध्ये बारीक होत होतं. मळलेल्या कणकेचा गोळा तोडताना शेवटची तार राहते, तेवढं बारीक झालं, आणि तुटलं. यांची जात अशीच वाढते, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं. पण पुस्तकात दोघे आकारानं अर्धे असतात. हे अर्धे नव्हते. दोन्ही पहिल्याएवढेच होते, दोघांना आपापलं कडं, दोघांना आपापला ठिपका. क्षणभर ते तसेच राहिले. मग एक तिच्या बोटांच्या बाजूनं निघाला. दुसरा वळला आणि काचेच्या मोकळ्या टोकाकडे निघाला, जिथं काचेवर ग्रीसचा ठसा होता.

"काय दिसते?" भिंतीकडूनच अंकुशनं विचारलं. "थांबलं का ते?"

या प्रश्नाला खोटं उत्तर देणं सोपं होतं. तो पाहायला पुन्हा येणार नव्हता. मॅडम येतील, स्लाइड जाईल, बाहेरचा माणूस काय ते लिहील. ती पुन्हा एकदा म्हणू शकली असती, तुमची काय चूक जी.

"नाही," ती म्हणाली. "दोन झाले. एक तुमच्याकडे येऊन राहिला."

अंकुश भिंतीपासून वळला. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं, दुसरं स्टूल पायानं ओढलं आणि तिच्यासमोर, टेबलाच्या पलीकडे बसला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं हात पुढं केला आणि काचेच्या त्या मोकळ्या टोकावर बोट टेकवलं, अलगद, झोपलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावं तसं.

जिन्यावर मॅडमच्या चपला वाजल्या. दोघांतल्या कोणीच हात काढला नाही.